बाळंतिणीसारखं जपा

कसालच्या गुरुदास मास्तरांचा हात लिहिता होता. लग्नाची आमंत्रणं म्हणू नका, सत्काराची मानपत्रं म्हणू नका, मुंबईला गोदीत राबणाऱ्या नवऱ्याला धाडायचा निरोप म्हणू नका, सगळं मास्तरांकडे. बाजाराच्या दिवशी त्यांना रस्त्याने सरळ चालता यायचं नाही. "मास्तरांनू, वायच थांबा, दोन वळी लिवून देवा," म्हणून कोणीतरी आडवं यायचंच. आणि मास्तर थांबायचे. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. त्यांची बायको कावेरी फणकाऱ्याने म्हणायची, "लोकांची कामा बरी आठवतत. घरात मीठ नाय ह्यां मात्र आठवणा नाय!"

मास्तरांना सुगंधा नावाची एकच धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा मास्तरांनीच तिला वाढवली, धामापूरला दिली. नवरा शंकर मुंबईत गोदीत, घरी सासू काशीबाई आणि पदरात शेवंती नावाची लहान मुलगी. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. सत्तावन्न साली सुगंधाला खोकला लागला. हा घरगुती काढा, तो काढा झाला, आणि एक दिवस तिच्या पदरावर रक्त दिसलं.

मास्तर तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर तरुण, शहरातला, बिनलग्नाचा. त्याने तपासलं आणि क्षय म्हणून सांगितलं. त्या काळी क्षय म्हणजे माणसाच्या नावाने पाणी सोडायचं, असाच हिशेब होता. पण डॉक्टर हसला. म्हणाला, "मास्तर, ते दिवस गेले आता. गोळ्या आल्या आहेत. दीड वर्ष एक दिवस न चुकवता घेतल्या, विश्रांती मिळाली, पोटभर सकस जेवली, तर तुमची बहीण पहिल्यासारखी होईल. पण घरच्यांनी सांभाळायला हवं, बरं का!"

म्हणजे सुगंधा जगणार होती. फक्त धामापूरच्या घराने तिला टाकता कामा नये होतं. आणि टाकत असत हो लोक! कसालमध्येच धोंडू नावाच्या एका भल्या माणसाला त्याच्या भावांनी क्षय झाला म्हणून काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या झोपडीत, नेऊन ठेवला होता. दिवसातून एकदा लांबून जेवण ठेवून यायचे. मास्तरांच्या डोळ्यांपुढे त्या मांगरात धोंडूच्या जागी सुगंधा दिसायला लागली.

दवाखान्यात सरकारी पत्रकांचा गठ्ठा पडून होता. त्यात लिहिलेलं, 'रुग्णाच्या थुंकीचे निर्जंतुकीकरण करावे व संसर्गप्रतिबंधक उपाययोजना अवलंबाव्यात.' आता हे कोणाच्या डोक्यात शिरणार? बाजारातला खाजेवाला त्या कागदात खाजा बांधून द्यायचा, तेवढाच त्याचा उपयोग. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाला, "मास्तर, सगळा गाव तुमचं लिहिलेलं वाचतो. तुम्हीच लिहा ना एक पत्रक. लोक वाचतील आणि वागतील असं."

मास्तर हरखलेच. बहिणीचाच जीव त्यात, मग काय विचारता! घरी येऊन बैठक मारली. पहिलं वाक्य लिहिलं, 'रोग्याला वेगळं ठेवा.' कावेरीला वाचून दाखवलं.

"येगळा म्हणजे कसा?" तिने विचारलं. "कावळो शिवता तसा?"

मास्तर ताडकन उठले. मागच्या पडवीत बसवलेली, लांबून ताट सरकवलेली सुगंधा त्यांना दिसली. "माझ्या भयणीक कोण तसा बसवीत तर तेचो हात मोडीन!" ते ओरडले, आणि वाक्य खोडून टाकलं.

मग ते बाहेर ओट्यावर येऊन बसले. शेजारच्या घरी लेक बाळंतपणाला आली होती. तिची आई गरम भाताचं ताट घेऊन खोलीत शिरताना दिसली आणि मास्तरांनी मांडीवर थाप मारली. बाळंतीण! वेगळी खोली, वेगळं अंथरूण, वेगळं ताट, हाताला काम नाही, पोटाला चांगलंचुंगलं. आणि तिची किळस कोणी करत नाही, उलट घरात सगळ्यांत मोठा लाड तिचाच!

"क्षयाच्या रोग्याक बाळंतिणीसारख्यां जपा," त्यांनी मोठ्याने म्हणून पाहिलं. "आता समाजला?"

"आता समाजला बाई," कावेरी म्हणाली. "असा सांगल्यार कोणाक शिकवक नको."

मास्तर जे खूश झाले म्हणता! समाजलं ना, मग झालं. काय समाजलं, ते विचारायला जीभ झिजली असती का? पण लिहिणाऱ्या माणसाला टाळी मिळाली की त्याचे कान बंद होतात, हे मी पुष्कळ पाहिलंय.

डॉक्टरने पत्रक वाचलं, मान डोलावली. म्हणाला, "छान. पण खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना लांब निजवा, गोळ्या दीड वर्ष सोडू नका, हेही घाला की."

"डॉक्टर, फार लिहिलं की लोक वाचतच नाहीत," मास्तर म्हणाले. "हे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसेल. बाकीचं तुम्ही तोंडी सांगताच. खाली 'डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यावं' एवढं घालतो."

डॉक्टरला ते पटलं. त्याने बाळंतपण बघितलेलं शहरातल्या इस्पितळातलं, स्वच्छ चादरी घातलेल्या खाटेवरचं. गावची बाळंतिणीची खोली त्याने कधी बघितलीच नव्हती. आणि मास्तर तरी कुठे आत गेलेले? पुरुषाची धाव उंबऱ्यापर्यंत.

मालवणात पत्रक छापून आलं आणि काय सांगू तुम्हाला, जादू झाली. शाळेत, दुकानात, देवळाच्या खांबावर, जिथे तिथे ते वाक्य. न वाचता येणाऱ्यांनाही पाठ झालं. भावांनी धोंडूला मांगरातून घरी आणलं, त्याला कोंबडीचा रस्सा पाजायला लागले. धोंडू रडला म्हणे. दवाखान्यात डॉक्टर मास्तरांचा हात सोडेना. मास्तरांची छाती अशी फुगली, की कावेरी म्हणाली, "सदऱ्याचे गुंडये सांबाळा."

जेठ संपत आला होता. पावसात एस.टी.चा भरवसा नाही, होडीच्या तरीवर माणसं अडतात, म्हणून डॉक्टरने सुगंधाला आख्ख्या पावसाळ्याच्या गोळ्या एकदम दिल्या. मास्तरांनी तिला धामापूरला पोचवली आणि काशीबाईच्या हातात पत्रक दिलं. काशीबाईने ते कपाळाला लावलं. "काळजी करू नका, मास्तर," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली किती बाळंतिणी इल्यो नि गेल्यो. एक दगावली नाय."

आषाढात मास्तर भर पावसात बहिणीला बघायला गेले. काशीबाईने पडवीत पाट मांडला, गरम चहा दिला. सुगंधा आतल्या खोलीत. आता बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस कसा शिरेल? मास्तरांच्या मनातही आलं नाही. उलट इतक्या कसोशीने सगळं चाललंय बघून त्यांना बरंच वाटलं. भिंतीच्या अल्याडून त्यांनी हाक मारली, "कशी आसंस गो, बाय?"

"बरी आसंय, भाई," आतून सुगंधा म्हणाली. मग खोकली. "हंय धूर लय आसा रे. जीव घुसमाटता."

"सोस गो वायच," मास्तर म्हणाले. "थोडे दिस. तुझ्या बऱ्यासाठीच ना?"

चहा संपवून, छत्री उचलून ते निघाले. वाटेत त्यांना आपल्या वाक्याचं आणखी एकदा कौतुक वाटलं. होय, वाटलं! माणूस असाच असतो.

श्रावण संपत आला तेव्हा भिकाजी कंडक्टरने एस.टी.तून एक पुडकं आणून दिलं. आत ओल्या नारळाचे लाडू आणि काशीबाईचा निरोप, "सुनेचो खोकलो गेलो. अंगार मास इला. तिका न्हाण घातला, वटी भरली, बावडेर पाणी पुजूक नेवन हाडली. आता घरातला सगळा करता." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लाडू घेऊन तसेच दवाखान्यात धावले. डॉक्टरने लाडू तोंडात टाकला, मास्तरांनी निरोप सांगितला.

डॉक्टरचं तोंड हलायचं थांबलं.

"कसलं न्हाण?" त्याने विचारलं.

"सव्वा महिन्याचं," मास्तर सहज म्हणाले. "बाळंतिणीला घालतात ते." आणि ते शब्द तोंडातून पडता पडता त्यांना ऐकू आले. सव्वा महिना. डॉक्टर काहीतरी बोलत होता, गोळ्या, गोळ्या असं म्हणत होता, पण मास्तरांच्या कानांत नुसतं घोंगावत होतं. पत्रकात कसं जपायचं, हे होतं. कधीपर्यंत, हे नव्हतं. आणि ते लिहायची गरजही नव्हती, कारण बाळंतपण कधी संपतं हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

एस.टी. मिळाली तिथवर, पुढे चिखलातून धावत, मास्तर धामापूरला पोचले. सुगंधा चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. गाल भरलेले, केसांत अबोलीचा वळेसर, कडेला शेवंती. भावाला बघून हसली आणि हसता हसता खोकली. बारीकसाच खोकला. पण मास्तरांच्या काळजात धस्स झालं.

"गुळयो?" ते एवढंच म्हणाले.

"पुऱ्यो झाल्यो," काशीबाई कौतुकाने म्हणाली. "म्हणजे डब्यात आसत रवलल्यो. पण न्हाण झाल्यार काढो बंद, गुळयो बंद. दोनय येकदमच थांबयलंय."

मास्तरांची नजर डब्याच्या शोधात आत वळली. काशीबाईला वाटलं, पाहुण्याला आपलं काम बघायचंय. ती त्यांना आतल्या खोलीकडे घेऊन गेली. खोली आता रिकामी, म्हणून पुरुषाला आत जायला हरकत नव्हती. मास्तर पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत गेले, आणि त्यांना काही दिसेचना. एकुलत्या एक खिडकीवर गोणपाट ठोकलेलं. फटीत चिंध्या कोंबलेल्या. भिंती धुराने काळ्या. कोपऱ्यात शेगडी, ओवा-वावडिंगाच्या धुरीचा वास अजून कोंडलेला.

"वाऱ्याची येक झुळूक आत येवक दिवक नाय," काशीबाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ धुरी. बाळंतिणीक वारो लागलो म्हणजे संपला सगळा, नाय काय?"

खिडक्या उघड्या ठेवा, असं डॉक्टर म्हणाला होता. उघडी हवा, ऊन, वारा. ह्याच अंधारातून तिने हाक मारली होती, धूर लय आसा म्हणून. आणि आपण बाहेर पाटावर बसून चहा पिता पिता तिला सोसायला सांगितलं! आपण! मग अंधाराला डोळे सरावले, आणि सुगंधाच्या अंथरुणाला लागून, अगदी कुशीत, त्यांना एक लहानसं गोधडीचं अंथरूण दिसलं.

"ह्यां कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"शेवंतीचा," काशीबाई म्हणाली. "आधी माझ्याकडे निजायचा ता चेडू. पण म्हटलंय, बाळंतिणीच्या कुशीत पॉर नको? मोकळ्या कुशीन निजवची नसता बाळंतीण. म्हणान सव्वा म्हयनो हंयच निजवलंय. अगदी कागदार आसा तसा."

मास्तरांनी ती गोधडी उचलून हातात घेतली. घातलं होतं काय त्यांनी त्या एका वाक्यात? प्रेम घातलं होतं. आणि त्या प्रेमाच्या मागोमाग गोणपाट आला, शेगडी आली, धुरी आली, न्हाण आलं, आणि ही एवढीशी गोधडी आली. कोणी काही वाकडं केलं नव्हतं. अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

बाहेर आल्यावर सुगंधा हळूच म्हणाली, "भाई, डॉक्टरान माका वारो घेवक सांगल्यान होतो. चेडवाक लांब ठेव म्हणान पण सांगल्यान. मी सासूबायक सांगलंय. ती म्हणाली, डॉक्टर शहरातलो, तेका काय म्हायत? कागद तुझ्या भावान लिवलो हा." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तुझ्या कागदाफुडे माझा कोण ऐकतलो?"

मास्तरांनी सुगंधाला आणि शेवंतीला त्याच दिवशी कसालला आणलं. "आमच्या हंय काय कमी पडला?" निघताना काशीबाईने दारात विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. मास्तर काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. डॉक्टरने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, सुया टोचल्या. मास्तर दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की गावोगाव हिंडायचे आणि खांबांवरून, भिंतींवरून आपली पत्रकं फाडून काढायचे. लोक बघत राहायचे, मास्तरांना वेड लागलं की काय! धोंडूच्या घरी गेले तर तिथेही खिडकी बंद, शेगडी पेटलेली. मास्तरांनी कोणाला न विचारता खिडकीच्या फळ्या उपटल्या. धोंडू वाचला. म्हातारा होऊन मेला.

सुगंधा नाही वाचली. गोळ्या मध्येच सोडल्याने रोग उलटला, तो मग गोळ्यांना दाद देईना. डॉक्टर रोज येऊन बसायचा आणि मान खाली घालून जायचा. पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी, भावाच्याच घरात, उघड्या खिडकीखाली ती गेली. शेवंतीलाही बाधा निघाली होती. पण तिची सुरुवातच होती, ती गोळ्यांनी बरी होईल, असं डॉक्टरने सांगितलं. शंकर मुंबईहून आला, बारावं झालं, आणि पोर आजीकडे राहू दे म्हणाला. मग मास्तरच शेवंतीला आणि तिच्या गोळ्यांच्या बाटलीला घेऊन धामापूरला गेले.

काशीबाई पडवीत बसली होती. सहा-सात महिन्यांत केवढी खंगली होती बाई! नातीला तिने पोटाशी घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, एक विचारू? खरा सांगशात?"

"सांगतंय."

"लोक म्हणतत, सासूच्या हातसून कायतरी रवला, म्हणान सून गेली. मी रोज आठवतंय. धुरी चुकली नाय. खिडकी उघडूक नाय. न्हाण वेळेर घातलंय. तुमी कागदार लिवलास तसा सगळा केलंय. मगे माझ्या हातसून काय रवला, तां सांगा माका. एकदा सांगा."

मास्तरांच्या अंगावर वीज पडल्यासारखं झालं. ही बाई इतके दिवस रोज आपल्याच हातांकडे बघत बसली होती! गाव तिला नावं ठेवत होता, आणि खरं काय ते ठाऊक असलेला एकच माणूस कसालला तोंड मिटून बसला होता.

"काकी, तुमच्याकडसून काय्येक रवूक नाय," ते म्हणाले. "तुमचा काय्येक चुकला नाय."

"मगे ती कशाक मेली?"

"माझ्या कागदान," मास्तर म्हणाले. "खिडकी उघडी व्हयी होती. पॉर लांब व्हया होता. गुळयो दीड वर्सा व्हयो होत्यो. तां मी लिवकच नाय. बाळंतिणीसारख्यां जपा म्हणान लिवलंय, आणि तुमी जपलास."

काशीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग ती उठली आणि आत गेली. मास्तरांना वाटलं, आता ही काही बाहेर येत नाही, आणि न यायचा तिला हक्कच आहे. शेवंती तेवढी पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होती.

काशीबाई तोंड धुऊन बाहेर आली. तिने गोळ्यांची बाटली उचलली आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

"आता हिचा सांगा," ती म्हणाली. "लिवू नका. तोंडान सांगा."

मास्तरांनी सांगितलं. गोळ्या रोज जेवणानंतर, डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत. अंथरूण खिडकीपाशी, खिडकी सताड उघडी. सांगून झालं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "आता तुमी माका सांगा काकी. घरात काय करतलास?"

काशीबाईने एकेक सांगितलं. कुठे अडली नाही.

"आणि गुळयो कधीसर?"

"डॉक्टर पुरे म्हणी सर."

"चेडू खेळाक लागला, अंगार मास इला, तर?"

"तरी देतलंय."

मास्तरांना पुढचं विचारवेना. पण विचारल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

"आणि न्हाण घातलास तर?"

काशीबाईने शेवंतीला जवळ ओढलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, ते तिने पुसलं नाही.

"न्हाण घातल्यारय," ती म्हणाली.